लंडनमध्ये सहा दिवस, साडेआठशे पौंडांत : मावशी-काकांच्या प्रवासाचं प्रकरण

मावशी आणि काका दोघंही साताऱ्याच्या बाजूचे निवृत्त शिक्षक. मावशी इतिहास शिकवायची, काका गणित. त्यांची मुलगी इंग्लंडमध्ये लीड्सला शिकते. २०२५ च्या जुलैत दोघं तिला भेटायला गेले, तिच्याकडे दहा दिवस राहिले आणि परतीचं विमान हीथ्रोहून असल्यामुळे मध्ये पाच रात्री लंडनमध्ये काढायच्या ठरल्या. मुलीचा प्रबंध अंगावर आलेला, ती सोबत येऊ शकत नव्हती. दोघंच, पहिल्यांदाच, आणि काकांचा उजवा गुडघा दुखरा.

लंडनसाठी त्यांनी एक लाख रुपये वेगळे ठेवले होते. तेव्हा पौंड ११५-११६ रुपयांच्या घरात होता. कार्डाचं शुल्क वगैरे जाऊन हातात साडेआठशे पौंड येणार होते. त्यात राहणं, खाणं, फिरणं, विमानतळ गाठणं, सगळं बसवायचं. मी काही वर्षांपूर्वी लंडनमध्ये नोकरीला होते, म्हणून आखणी माझ्याकडे आली. काकांनी प्रवासभर वहीत पैशापैशाचा हिशोब ठेवला, त्यामुळे खाली लिहिलेले आकडे त्या वहीतलेच आहेत.

पहिला बेत काकांनी स्वतः केला होता. शहराच्या बाहेरच्या टोकाला, सहाव्या झोनमध्ये (वाहतुकीच्या भाड्यासाठी शहराचे मध्यापासून बाहेर असे झोन पाडलेले आहेत), ६२ पौंड रात्रीचं हॉटेल. पाच रात्रींचे ३१०. शिवाय बऱ्याच प्रेक्षणीय स्थळांचा एकत्रित प्रवेश देणारा तीन दिवसांचा पास, दोघांचे मिळून अडीचशेच्या आसपास. हॉटेल स्वस्त मिळालं म्हणून काका खुशीत होते. मी विचारलं, "काका, तिथून रोज आत यायला किती लागतील ते धरलंय का?" धरलं नव्हतं.

लंडनच्या वाहतुकीत दिवसाच्या खर्चाला कमाल मर्यादा असते. एकच कार्ड दिवसभर टेकवत राहिलात तर त्या रकमेच्या वर पैसे कापले जात नाहीत. पण मर्यादा झोनप्रमाणे बदलते. पहिल्या दोन झोनमध्ये ट्यूबने, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेने, फिरलात तर ती त्या वर्षी ८.९० पौंड होती, सहाव्या झोनपर्यंत गेलात तर १६.३०. गर्दीच्या वेळेत सकाळी आत यायचं, संध्याकाळी परतायचं आणि मध्ये दोन फेऱ्या करायच्या, की माणूस त्या आकड्याला जाऊन टेकतोच. दोघांचे पाच दिवसांचे १६३ पौंड. म्हणजे स्वस्त हॉटेल ४७३ ला पडणार होतं. वर पास. उरलेल्या सव्वाशे पौंडांत दोघांनी सहा दिवस जेवायचं होतं.

आता दुसरी बाजू. फक्त बसने फिरलात तर त्या वर्षी एका फेरीचे १.७५ पौंड, आणि पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात चढाल त्या सगळ्या बसेस त्याच पैशांत. दिवसाची मर्यादा ५.२५. दोघांचे पाच दिवसांचे जास्तीत जास्त साडेबावन्न. यात आणि आधीच्या १६३ मध्ये ११० पौंडांचा फरक, म्हणजे रात्रीला २२. याचा अर्थ शहराच्या मध्यभागी ८५ पौंडांची खोली मिळाली, तर एकूण खर्च जवळपास तेवढाच राहतो : ४७७. आणि रोजचे जाण्यायेण्याचे अडीच तास वाचतात.

८५ पौंडांत मध्य लंडनमध्ये, तेही जुलैत, हॉटेल मिळणं अवघड. पण तिथल्या विद्यापीठांची वसतिगृहं उन्हाळ्याच्या सुट्टीत रिकामी होतात आणि त्या खोल्या प्रवाशांना भाड्याने देतात. ही गोष्ट आपल्याकडे फार जणांना माहीत नसते. ब्लूम्सबरी भागात अशा एका वसतिगृहात दोन पलंगांची खोली मिळाली, बरोबर ८५ ला. न्हाणीघर मजल्यावर सामायिक, पण स्वयंपाकघर वापरायला मोकळं. मावशीने फोनवर पहिला प्रश्न विचारला, "अगं, गॅस आहे ना?" विजेची शेगडी होती. तेवढ्यावर तिचा होकार आला.

पास मी रद्दच करायला लावला. लंडनचा विचार करताना एक गोष्ट आधी कळायला हवी, की तिथलं जे उत्तम आहे त्यातलं बरंचसं विनातिकीट आहे. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, नॅचरल हिस्टरी, टेट मॉडर्न, सगळ्यांच्या कायम दालनांना प्रवेश मोफत. काही राष्ट्रीय संग्रहालयांनी मध्यंतरी तिकीट लावलं होतं, तेही २००१ च्या डिसेंबरपासून गेलं. पार्लमेंटमधली चर्चा प्रेक्षक गॅलरीत बसून ऐकता येते, तीही फुकट. पास घेतला की माणूस तो वसूल करायला धावतो, दिवसाला चार ठिकाणं करतो, आणि काकांच्या गुडघ्याला ते झेपणारं नव्हतं.

पण पैसे भरून पाहायची एक गोष्ट मी बेतात ठेवायला सांगितली, ती म्हणजे टॉवर ऑफ लंडन, कोहिनूर ठेवलेला जुना किल्ला. माणशी ३५ पौंडांच्या वर तिकीट. काका म्हणाले, "राहू दे गं, बाहेरून बघू, पुलावरून दिसतो." मी ऐकलं नाही. वर्षानुवर्षं हा माणूस वर्गात कोहिनूरच्या कॅरेटवरून वजनाची उदाहरणं घालत आलाय. तो टॉवरच्या दारातून परत आला असता तर वाचलेल्या सत्तर पौंडांची खंत जन्मभर राहिली असती. काटकसर करताना नेमकं हेच होतं. दहा किरकोळ खर्च नकळत होऊन जातात आणि ज्याच्यासाठी गेलो तेच महाग म्हणून सुटतं.

वाघनखांचा प्रश्न आपोआप मिटला होता. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली ती वाघनखं २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली आणि दोघांनी ती साताऱ्यातच पाहिली होती.

खाण्याची तयारी लीड्सहून निघण्यापूर्वीच झाली. मावशीने भारतातून येतानाच थालिपिठाची भाजणी, मेतकूट, पोहे आणले होते. तूप आणि पेढे मात्र मी तिला घरीच ठेवायला लावले होते, कारण आपल्याकडून ब्रिटनमध्ये दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. ती नाराज झाली, पण विमानतळावर पिशवी उघडून पेढे कचऱ्यात टाकण्यापेक्षा ते बरं. तांदूळ आणि भाजी कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटमध्ये मिळते. संध्याकाळी उशिरा गेलात तर त्या दिवशी संपवायच्या वस्तूंवर पिवळी चिठ्ठी लावून भाव उतरवलेला असतो. मावशीला ही पिवळी चिठ्ठी फार आवडली. मंडईत शेवटच्या तासाला जाण्याची तिची जन्माची सवय तिथे कामी आली.

आणि थर्मास. हे सुचलं मावशीला, मला नाही. दोघांना दिवसातून तीनदा चहा लागतो. तिथल्या कॅफेत एक चहा तीन पौंडांच्या आसपास धरला तर दिवसाचे १८ पौंड निव्वळ चहाचे, पाच दिवसांचे ९०. ती सकाळी वसतिगृहात आलं ठेचून चहा करायची आणि लिटरभराचा थर्मास काकांच्या पाठपिशवीत ठेवायची. रसेल स्क्वेअरच्या बागेत बाकावर बसून, स्टीलच्या झाकणात ओतून दोघांनी आळीपाळीने चहा पिताना काढलेला फोटो मला आला, तेव्हा आखणी जमली असं मला पहिल्यांदा वाटलं.

बाहेर खावंच लागलं तर दोन गोष्टी मी सांगून ठेवल्या होत्या. सँडविचसारखं थंड खाणं दुकानात बसून खाल्लं तर त्यावर २० टक्के कर लागतो, बांधून घेतलं तर लागत नाही. म्हणून पुष्कळ ठिकाणी एकाच पदार्थाचे दोन भाव असतात. आणि जिथे दारू विकायचा परवाना आहे तिथे मागितलं तर नळाचं पिण्याचं पाणी फुकट द्यावं लागतं, हा कायदा आहे. बाटलीचं पाणी घेऊ नका. एका रात्री दोघं यूस्टन स्टेशनमागच्या ड्रमंड स्ट्रीटवर चालत गेले. तिथे जुनी शाकाहारी भारतीय हॉटेलं आहेत. डोसा आणि भेळ खाऊन तृप्त होऊन आले.

कार्डाचंही नीट समजावलं होतं. लंडनच्या बसमध्ये रोख पैसे २०१४ पासून घेतच नाहीत. दोघांना दोन वेगळी कार्डं हवीत, एकच कार्ड दोनदा टेकवून चालत नाही. आणि दुकानातल्या यंत्राने रुपयांत कापू की पौंडांत असं विचारलं, तर कायम पौंड. रुपये निवडले की दर ते ठरवतात आणि तो आपल्या सोयीचा नसतो.

आता चुकलं कुठे ते. चूक माझी होती.

जुलैत लंडनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो. कागदावर दिवस लांबलचक दिसतो, आणि मोफत गोष्टींचा मोह असा की काही सोडवत नाही. दुसऱ्या दिवशी मी सकाळी ब्रिटिश म्युझियम आणि दुपारी नॅचरल हिस्टरी म्युझियम लावलं होतं. सकाळ छान गेली. वसतिगृहातून चालत दहा मिनिटं. मावशी अमरावतीच्या स्तूपाच्या शिल्पांसमोर इतकी रमली की काकांनी तिला दोनदा हाक मारली. आंध्रातल्या या शिळा तिने आयुष्यभर पाठ्यपुस्तकातल्या पुसट काळ्या-पांढऱ्या चित्रात पाहिल्या होत्या. इथे एका शिळेवर झुकलेल्या बाईच्या कमरेवरच्या मेखलेचा एकेक मणी मोजता येत होता. ती तिथे तासभर होती. मग रोझेटा शिलालेख, मग वरचा मजला, मग ममी. अडीच वाजता बाहेर पडले. थकले होते, पण माझ्या कागदावर पुढचं लिहिलं होतं, आणि शिक्षक माणसं, लिहिलेलं पुरं करणारी.

बस बदलत दक्षिण केन्सिंग्टनला पोचायला तास गेला. तिथे रांग. आत गेल्यावर छताला टांगलेला निळ्या देवमाशाचा सांगाडा पाहून काका खूश झाले, पण दहाव्या मिनिटाला गुडघ्याने जवाब दिला. संगमरवरी आणि दगडी फरशीवर दिवसभर उभं राहणं हे चालण्यापेक्षा वाईट. ते कॅफेत बसले. बसले म्हणून दोन चहा आणि दोन केक घेतले, मग पुन्हा चहा, मग भूक लागली म्हणून सूप. १९ पौंड. थर्मास केव्हाच रिकामा झालेला. परत बसने जायची ताकद नव्हती, टॅक्सी केली. २४ पौंड. वाटेत औषधाच्या दुकानात थांबून गुडघ्याला लावायचं मलम, ६. तीन तासांत ४९ पौंड गेले. एवढ्यात दोघांचं जवळजवळ दीड दिवसाचं खाणं निघालं असतं.

रात्री फोनवर काका शांतपणे म्हणाले, "हिशोबात गुडघा धरला नव्हतास तू."

या वाक्याने माझी सगळी आखणी बदलली. मी तिकिटं मोजली, भाडी मोजली, चहा मोजला, पण दमणं मोजलं नव्हतं. महागड्या शहरात दमलेला माणूस भराभर पैसे देत सुटतो. जवळचं पाहिजे, आत्ता पाहिजे, बसायला पाहिजे, आणि या तिन्हींना तिथे पैसे पडतात. तरुण माणसाचं बजेट हॉटेलच्या भाड्यावर कोसळतं, साठीपुढच्या माणसाचं दुपारी चार वाजता.

म्हणून त्या रात्री पुढचे तीन दिवस मी नव्याने लिहिले. दिवसाला एकच मोठी गोष्ट. दुपारी एक ते तीन वसतिगृहात परत, आडवं व्हायचं. खोली मध्यभागी असल्याने हे जमणार होतं. सहाव्या झोनमध्ये राहिले असते तर नसतं जमलं. प्रत्येक ठिकाणी बसायची जागा आणि स्वच्छतागृह आधी शोधून लिहिलं. मोठ्या संग्रहालयांतली स्वच्छतागृहं फुकट आहेत, आणि यूस्टन, किंग्ज क्रॉससारख्या नेटवर्क रेल्वेच्या मोठ्या स्थानकांवरचीही २०१९ पासून फुकट आहेत. ट्यूब पूर्ण बंद. ट्यूबच्या बऱ्याच स्थानकांत पायऱ्याच पायऱ्या असतात, बस मात्र खालच्या पायरीची असते आणि दारातच जागा मिळते.

तिसऱ्या दिवशी सकाळ पूर्ण विश्रांती. दुपारनंतर २४ नंबरची बस. ही बस हॅम्पस्टेड हीथहून निघते आणि कॅम्डेन, ट्रॅफल्गर स्क्वेअर, पार्लमेंट असं करत पिम्लिकोला जाते. पर्यटकांच्या उघड्या बसला जे पैसे पडतात त्याच्या तुलनेत पावणेदोन पौंड म्हणजे काहीच नाही. गुडघ्यामुळे काका खाली बसले, मावशी एकटीच वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या काचेपाशी. ट्रॅफल्गर स्क्वेअरला उतरून नॅशनल गॅलरीत फक्त व्हॅन गॉगची सूर्यफुलं आणि आजूबाजूची दोन दालनं, सगळं बाकावर बसून. पाच वाजता वेस्टमिन्स्टर ॲबे, तिथलं प्रसिद्ध चर्च. दिवसा पाहायला गेलात तर तिथे ३० पौंडांच्या आसपास तिकीट आहे. पण संध्याकाळच्या प्रार्थनेला कुणीही जाऊन बसू शकतं, पैसे लागत नाहीत. फोटो काढायचे नाहीत, फिरायचं नाही, पाऊण तास शांत बसून गायन ऐकायचं. मावशी म्हणाली, काकड आरतीला बसल्यासारखं वाटलं. देवळात तिकीट काढून जाण्यापेक्षा हे मला कधीही बरं वाटतं.

चौथ्या दिवशी टॉवर. ट्रॅफल्गरहून १५ नंबरची बस फ्लीट स्ट्रीट आणि सेंट पॉल्सवरून थेट टॉवरपाशी नेते. दार उघडायच्या वेळेला हजर राहून आधी राजमुकुटांचं दालन, कारण अकरानंतर तिथे रांग वाढत जाते. मुकुटांसमोर सरकता पट्टा आहे, त्यावर उभं राहिलं की तो हळूहळू पुढे नेतो. कोहिनूर राणी एलिझाबेथच्या आईच्या मुकुटात आहे, १९३७ साली घडवलेल्या. काका पट्ट्यावरून उतरले, वळसा घालून परत आले आणि पुन्हा चढले. तीनदा. पहारेकऱ्याने काही म्हटलं नाही. "अंड्याएवढा वाटला होता," काका नंतर म्हणाले, "१०५ कॅरेट म्हणजे २१ ग्रॅम, हे मीच शिकवायचो, पण डोळ्यांना पटलं नव्हतं." एक वाजता दोघं परत वसतिगृहात, पिठलं-भात, झोप.

पाचवा दिवस मावशीचा. प्रिमरोझ हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना या घरात राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतलं, आता स्मारक आहे, प्रवेश मोफत. २४ नंबरने कॅम्डेन, तिथून तासाच्या आत दुसरी बस, म्हणजे त्याच पावणेदोन पौंडांत.

मावशीने मला नंतर सांगितलं की ती बाहेर फुटपाथवरच बराच वेळ उभी राहिली. शांत रस्ता, दोन्हीकडे तशीच घरं, भिंतीवर निळी गोल पाटी. बाबासाहेब ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात सकाळी शिरायचे ते ते बंद होईपर्यंत अभ्यास करत बसायचे, हे तिने पन्नास वेळा वर्गात सांगितलेलं. आदल्या दिवसांत त्याच म्युझियमपासून दहा मिनिटांवर ती स्वतः भाजणी थापत होती, पिवळ्या चिठ्ठीची भाजी आणत होती. "पोटाला चिमटा म्हणजे काय ते त्यांचं होतं गं," ती म्हणाली, "आपलं काय, आपण गंमत करतोय." तिथून दोघं प्रिमरोझ हिलच्या टेकडीवर चढले. चढ सौम्य आहे, वाटेत बाकं आहेत, वरून सगळं शहर दिसतं. उरलेला चहा तिथे संपवला.

शेवटच्या दिवशी हीथ्रो. एक्सप्रेस गाडीला तेव्हा माणशी २५ पौंड, ट्यूबच्या पिकाडिली मार्गाला ५.८०. वेळ हाताशी होता, म्हणून पिकाडिली. इथे एक बारीक गोष्ट. सगळ्यात जवळचं स्थानक रसेल स्क्वेअर, पण तिथे लिफ्ट असूनही फलाटापर्यंत पायऱ्या उतराव्या लागतात. दोन बॅगा आणि तो गुडघा. म्हणून एक छोटी बस घेऊन किंग्ज क्रॉसला जायला सांगितलं. तिथे रस्त्यापासून फलाटापर्यंत लिफ्टने जाता येतं आणि गाडी थेट विमानतळात जाते. या एका बदलाला दोघांचे साडेतीन पौंड पडले, आणि मला वाटतं सगळ्या प्रवासातला तो सगळ्यात चांगला खर्च होता.

काकांच्या वहीतलं शेवटचं पान : खोली ४२५, बस साडेपंचेचाळीस, ट्यूब ११.६०, टॉवर ७२, खाणंपिणं १६८, त्या एका दुपारचे ४९, मुलांसाठी किरकोळ वस्तू १५. उरले जवळपास ६४ पौंड. बसला धरले होते त्याहून कमी लागले, कारण दुपारी झोपणारी माणसं दिवसाला तीन फेऱ्या करतच नाहीत.

मुलगी पुढच्या वर्षी पदवीदानाला पुन्हा बोलावते आहे. उरलेले पौंड काकांनी कार्डावरच ठेवलेत, आणि मावशीने मला सांगून ठेवलंय की पुढच्या वेळी वसतिगृह तेच, खोली मात्र तळमजल्यावरची बघ.